बुटांच्या खोक्यातून आलेल्या मायक्रोफिश घरी कशा वाचायच्या?

ठाण्याच्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. वय ६३, शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांचे चुलतभाऊ, ज्यांना सगळं घर दादा म्हणायचं, बरीच वर्षं अमेरिकेत होते आणि नोकरी संपल्यावर घराण्याची वंशावळ शोधायच्या मागे लागले होते. गेल्या वर्षी दादा गेले. वहिनींनी घर आवरताना बुटांचं एक खोकं ताईंकडे पाठवून दिलं. त्यात पोस्टकार्डाएवढ्या फिल्मच्या ३४ शीट्स, म्हणजे मायक्रोफिश, ज्यांवर छापील पानांचे अगदी इवले फोटो असतात, आणि एक वही. शीटच्या वरच्या पट्टीवरचं चष्मा लावून वाचता येतं: ५ शीट्सवर त्यांच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचं नाव आहे, २३ वर मुंबई इलाख्याची १९११ आणि १९२१ ची जनगणना, आणि ६ वर काहीच नाही. वहीत ‘३/५ डी ११’ असले १९ आकडे आहेत, त्यांचा अर्थ लागत नाही, ते त्यांनी पत्रात उतरवून पाठवलेत. ताईंना एकच गोष्ट मनापासून हवी आहे. त्यांच्या आजोबांची पहिली बायको १९१८ च्या तापाच्या साथीत गेली, तिचं नाव आज घरात कुणालाच माहीत नाही. दादा दर दिवाळीला फोनवर त्याबद्दल विचारायचे आणि ताई म्हणायच्या, बघते हं. आता त्या अमेरिकेतून ३०० डॉलरचं जुनं फिश वाचायचं मशीन मागवायच्या विचारात आहेत, शिपिंग वेगळं. मुलगा म्हणतो सगळं एखाद्या कंपनीकडून स्कॅन करून घे. मिस्टर म्हणतात आता कशाला उकरायचं. ताई विचारतात, “घरी बसून वाचायचा काही मार्ग आहे का? आणि हे असंच अर्धवट राहिलं तर दादावर अन्याय होईल का?”

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना ते १९ आकडे कागदावर परत मांडून बघितले, कारण मी बरीच वर्षं ग्रंथालयात फिल्म आणि फिशच्या टेबलावर काम केलंय आणि असे आकडे वाचकांच्या चिठ्ठ्यांवर रोज बघायचे. त्यांच्याकडे येतेच, पण आधी मशीनचं बोलू, कारण पैसे तिथे जाणार आहेत.

मशीन मागवू नका. निदान आत्ता तरी नको. त्याची कारणं सांगते. अमेरिकेतलं मशीन १२० व्होल्टचं असणार, आपल्याकडे २३०, म्हणजे वेगळा ट्रान्सफॉर्मर आला. आत हॅलोजनचा बल्ब असतो, तो गेला की तोच मिळवायला दारोदार फिरावं लागतं. मशीन जड, आतमध्ये आरसा आणि काचा, एवढ्या लांबून येताना एक जरी हलली तरी पडद्यावर धूसर दिसतं आणि ते नीट करणारा माणूस मिळत नाही. आणि कुठलंही मशीन कुठलीही फिश नीट दाखवतं असंही नाही. शीट किती पटीने लहान केलीय, २४ पट की ४२ की ४८, त्याप्रमाणे लेन्स लागते, आणि जुनं मशीन विकणारा माणूस आत कुठली लेन्स आहे हे बऱ्याचदा सांगत नाही, कारण त्यालाही ठाऊक नसतं. हे सगळं जमून आलं तरी मशीनवर फक्त वाचता येतं, साध्या रीडरमधून फोटो किंवा कॉपी निघत नाही. तुम्हाला तर ते पान घरच्यांना दाखवायचंय, भावंडांना पाठवायचंय.

आता पत्रातल्या एका गोष्टीवर मला जरा थांबायचंय. तुम्ही लिहिलंय की जनगणनेच्या २३ शीट्समध्ये आजोबांचं घर, घरातली माणसं, कदाचित ती पहिली बायकोसुद्धा असेल, म्हणून सगळ्या शीट्स वाचल्याच पाहिजेत. हे दादांच्या मनात कुठून आलं असेल ते मला अगदी समजतं. अमेरिकेत जनगणनेची घराघरातली पानं ७२ वर्षांनी लोकांना खुली करतात, १९५० ची २०२२ च्या एप्रिलमध्ये खुली झाली, तिथे माणसं बसल्या जागी आपल्या आजीचं नाव, वय, शेजारी कोण राहायचं, सगळं वाचतात. चाळीस वर्षं तिथे काढलेल्या माणसाला वाटणारच की इकडेही तसंच असेल. पण आपल्याकडे तसं नाही. मोजणीच्या वेळी घराघरात नावानिशी लिहून घेतलेले कागद आकडे काढून झाल्यावर ठेवले गेले नाहीत. छापून आले ते अहवाल आणि तक्ते: तालुक्यात माणसं किती, बायका किती, लिहिता-वाचता येणारे किती, भाषा कुठली, धंदा कुठला. त्या २३ शीट्समध्ये तुमच्या आजोबांचं नाव नाही, ताई. कुणाच्याच आजोबांचं नाही. हे ऐकून वाईट वाटेल, पण याच एका वाक्याने तुमचं दोन तृतीयांश खोकं बाजूला होतं आणि ओझंही तेवढंच उतरतं.

त्या शीट्स फेकू मात्र नका. १९२१ चा अहवाल पुढेमागे जरूर बघा. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत अख्ख्या देशाची लोकसंख्या वाढायची सोडून किंचित घटली, आणि त्यामागचं सगळ्यात मोठं कारण १९१८ चा तो इन्फ्लुएंझाच होता, ज्याला आपल्याकडे मानमोडी म्हणायचे. तुमच्या घरात ‘तापाची साथ’ असा नुसता शब्द उरलाय, त्या साथीत तुमच्या तालुक्याचं काय झालं ते तिथल्या आकड्यांत दिसेल. आणि हे छापील अहवाल स्कॅन होऊन इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहेत, म्हणजे त्यासाठी फिशची गरजच नाही.

इथे एक गोष्ट सगळ्याच वाचकांसाठी सांगते, कारण अशी खोकी बऱ्याच घरांत येऊन पडलीत. हातात फिश आली की पहिला प्रश्न ‘ही वाचू कशी’ हा नसतो, ‘ही कशाची कॉपी आहे’ हा असतो. फिश ही जवळजवळ नेहमीच कशाचीतरी कॉपी असते, एखाद्या छापील पुस्तकाची, सरकारी अहवालाची किंवा दफ्तराची, आणि मूळ वस्तू कित्येकदा तुमच्या गावातच असते. वरची पट्टी मुद्दाम साध्या डोळ्याने वाचता यावी अशी ठेवलेली असते. वही घ्या, एकेका शीटला नंबर द्या (शीटवर नाही हं, पाकिटावर, पेन्सिलने) आणि पट्टीवरचं सगळं जसंच्या तसं उतरवून काढा. एक संध्याकाळ जाईल. माझ्या टेबलावर आलेल्या कितीतरी लोकांचं काम या यादीवरच संपलेलं मी बघितलंय.

तुमच्या कुलवृत्तांताचंच घ्या. आपल्याकडे असे कुलवृत्तांत पुष्कळ निघाले, १९३०-४० च्या दशकांत तर लोक गावोगाव पत्रं पाठवून, घरोघर जाऊन माहिती गोळा करायचे. लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९०१ ते १९५३ मधल्या भारतीय पुस्तकांच्या मायक्रोफिश करायचा मोठा प्रकल्प केला होता, दादांकडची कॉपी त्यातूनच कुठल्यातरी विद्यापीठाच्या लायब्ररीमार्फत आलेली असू शकते, पट्टीवर ते लिहिलेलं सापडेल. पण मूळ पुस्तक मराठीच ना! तुम्ही ठाण्यात राहता, तिथलं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचं आहे, तिथे जाऊन कुलवृत्तांताचं नाव सांगून विचारा. नाही मिळालं तर दादरचं मुंबई मराठी ग्रंथ संग्रहालय, नाहीतर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ. त्याआधी घरबसल्या इंटरनेट आर्काइव्ह या फुकट वेबसाइटवर घराण्याचं नाव मराठीत आणि रोमन स्पेलिंगमध्ये दोन्हीकडून टाकून बघा, बरेच कुलवृत्तांत तिथे कुणीकुणी स्कॅन करून टाकलेत. तुमच्या घराण्याच्या मंडळाची स्मरणिका किंवा नंतरची सुधारित आवृत्ती निघाली असेल तर त्यांच्याकडेही प्रत असेल. पुस्तक हातात आलं तर फिश वाचायचा प्रश्नच सुटला.

नाही मिळालं तर घरी वाचू. आणि ते खरंच जमतं.

थोडं गणित समजून घ्या म्हणजे कुठे पैसे घालायचे आणि कुठे नाही ते कळेल. नेहमीच्या शीटवर ७ ओळी आणि प्रत्येक ओळीत १४ चौकोन असतात, एकूण ९८, आणि एकेक चौकोन साधारण १० बाय साडेबारा मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. पान २४ पट लहान केलेलं असतं. पुस्तकातलं अडीच मिलिमीटरचं अक्षर तिथे एक दशांश मिलिमीटरचं होतं. इंग्रजीत एवढ्यावर भागतं, पण आपल्या अक्षरावर मात्रा आहे, अनुस्वार आहे, रफार आहे, ते त्याहूनही बारीक, आणि नावात सगळा खेळ त्यांचाच असतो. एक अनुस्वार दिसला नाही की माणूस बदलतो.

म्हणून घरच्या प्रिंटरवरचा स्कॅनर विसरा, तो कागदावरून परत येणारा उजेड वाचतो आणि फिशला आरपार उजेड लागतो, त्यावर नुसता काळा आयत येईल. फोटोच्या निगेटिव्हसाठी जे वेगळे स्कॅनर मिळतात त्यांच्या झाकणात दिवा असतो, पण मूळ पान नीट वाचता यायला इंचाला २०० ठिपके तरी हवेत, आणि २४ पट लहान केलेल्या पानासाठी म्हणजे ४,८०० ठिपके. खोक्यावर त्याहून मोठा आकडा छापलेला असतो खरा पण घरगुती स्कॅनरची लेन्स प्रत्यक्षात तेवढं बारीक टिपत नाही. मोठी हेडिंग्ज वाचता येतील, तळटिपा नाही. ज्यांच्या घरी असा स्कॅनर आहे त्यांनी एक शीट जरूर टाकून बघावी, पण यासाठी नवा घेऊ नये.

सगळ्यात चांगला घरगुती मार्ग म्हणजे कॅमेरा, आणि तुमच्यासाठी तो म्हणजे तुमचा फोन. फोनच्या लेन्सवर चिमट्याने लावायची छोटी मॅक्रो लेन्स मिळते, ती घ्या. उजेडासाठी मुलांचा चित्रं ट्रेस करायचा एलईडी पॅड असतो तो उत्तम, नाहीतर टॅब्लेटवर पांढरं कोरं पान उघडून ब्राइटनेस पूर्ण वाढवा. पण टॅब्लेटवर फिश थेट ठेवू नका, कारण लेन्समधून स्क्रीनचे बारीक ठिपके अक्षरांबरोबर दिसायला लागतात आणि मग मात्रा कुठली आणि ठिपका कुठला तेच कळत नाही. फिश स्क्रीनपासून दोन-तीन सेंटिमीटर वर हवी आणि मध्ये एक ट्रेसिंग पेपर. मी असं करायचे: फोटो फ्रेमच्या दोन काचा घ्यायच्या, कडांना चिकटपट्टी लावायची म्हणजे हात कापत नाही, स्वच्छ पुसायच्या, मध्ये फिश ठेवायची म्हणजे ती सपाट राहते, आणि हे सँडविच दोन पुस्तकांवर टेकवायचं, खाली उजेड. दोन्ही बाजूंना सारख्या उंचीचे स्टीलचे डबे, त्यांवर फोन आडवा. डब्यांची उंची कमीजास्त करून बघावी लागते, मॅक्रो लेन्स फार जवळून बघते, पहिल्या दिवशी अर्धा तास यातच जाणार, तेव्हा लगेच ‘जमत नाही’ म्हणून उठू नका. डबे फारच उंच पडले तर काचच वर उचला.

फोन हलला की संपलं. म्हणून टायमर लावा दोन सेकंदांचा, स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस लॉक करा, आणि पुढच्या चौकोनावर जाताना फोन जागेवरच ठेवून काच सरकवा. चौकोनाने फोटोची चौकट जवळजवळ भरली पाहिजे, एकाच फोटोत अख्खी ओळ घेऊन नंतर झूम करू असं म्हणाल तर अक्षरं फुटतील. फोटोच्या कडांना धूसर येत असेल तर एका पानाचे चार फोटो घ्या, थोडं एकावर एक येऊ देऊन. ते जोडायला ह्युगिन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, पण खरं सांगू का, वाचायला जोडायची गरजच पडत नाही. अक्षरं उलटी दिसली तर शीट पालथी पडलीय. काळ्यावर पांढरी अक्षरं असतील तर फोनमध्येच रंग उलटे करायची सोय असते, ती वापरली की डोळ्याला खूप आराम पडतो. घरात कुणाकडे मोठा कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स असेल, किंवा साध्या लेन्सच्या मागे लावायच्या एक्सटेन्शन ट्यूब, तर निकाल फारच चांगला येतो, एका सुटीच्या दिवशी भाच्याला जेवायला बोलवा आणि काम करून घ्या.

घड्याळजी डोळ्याला लावतात ती दहापट भिंग स्वस्त असते, तीही घेऊन ठेवा, पण चौकोन शोधण्यापुरती. २४ पट लहान केलेलं दहापट मोठं केलं तरी ते मूळ अक्षराच्या निम्म्याहून लहानच राहतं, आणि ६३ व्या वर्षी त्या भिंगाने पानंच्या पानं वाचणं म्हणजे डोळ्यांवर अत्याचार. यूएसबीचा छोटा मायक्रोस्कोपही चालतो, मुलांचा पडलेला असेल तर वापरा, फक्त त्याचा स्टँड डगमगतो आणि एका वेळी फार थोडा भाग दिसतो.

भिंतीवर पाडून वाचता येईल का, असंही तुम्ही विचारलंय. कल्पना जुनी आणि चांगली आहे. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला होता तेव्हा दाग्रों नावाच्या फोटोग्राफरने हजारो निरोप इवल्याशा फिल्मवर लहान करून कबुतरांबरोबर शहरात पाठवले, आणि आत ते कंदिलासारख्या प्रोजेक्टरने भिंतीवर पाडून कारकून उतरवून घ्यायचे. पण आपल्याकडचे स्लाइड प्रोजेक्टर ३५ मिलिमीटरच्या स्लाइडसाठी असतात, पोस्टकार्डाएवढी शीट त्यात जात नाही, आणि शीट कापायचा विचार मनातसुद्धा आणू नका.

आता मुलाचं म्हणणं. स्कॅन करून देणाऱ्या कंपन्या आहेत, चांगलं काम करणाऱ्याही आहेत, आणि ज्यांच्याकडे मूळ दफ्तरांच्या फिश आहेत, ज्यांची दुसरी प्रत कुठेच नाही, त्यांनी पैसे तिथेच खर्च करावेत. पण पूर्ण खोकं देऊ नका. एक शीट द्या, दर शीटमागे आहे की चौकोनामागे ते आधी लिहून घ्या, मूळ पानाच्या हिशोबाने इंचाला ३०० ठिपके मिळतील का ते विचारा, नमुना बघून मात्रा-अनुस्वार वाचता आले तरच पुढचं. आणि मूळ शीट्स परत हव्यात हे सुद्धा लिहूनच घ्या. माझ्या ओळखीच्या एका घराने सगळं एकदम देऊन टाकलं आणि परत आल्या त्या हार्ड डिस्कवरच्या धूसर फाइली, शीट्स गेल्या त्या गेल्याच.

तुमच्या ३४ शीट्समध्ये ९८ च्या हिशोबाने तीन हजारांवर चौकोन होतात. त्यातले तुम्हाला हवेत १९.

ते वहीतले आकडे, ताई. ‘३/५ डी ११’. पाच शीट्सपैकी तिसरी शीट. फिशच्या ओळींना वरून खाली ए ते जी अशी अक्षरं असतात आणि उभ्या रांगांना डावीकडून १ ते १४. म्हणजे पट्टी वर धरायची, वरून चौथी ओळ, डावीकडून अकरावा चौकोन. दादांनी पत्ता लिहून ठेवलाय. तुम्ही उतरवलेल्या सगळ्या १९ आकड्यांत ‘/५’ आहे आणि पाच शीट्सचा तर तुमच्याकडे फक्त कुलवृत्तांतच आहे. सुरुवातीचे दोन पत्ते १/५ चे, मग तीन ५/५ चे, आणि उरलेले चौदा सगळे ३/५ चे, डी आणि ई ओळींतले, एकमेकांना लागून. पुस्तक शोधणारा कुणीही असंच करतो: आधी पहिल्या शीटवर अनुक्रमणिका बघितली, मग शेवटच्या शीटवर नावांची सूची, आणि तिथून पान नंबर घेऊन मधल्या शीटवर आपल्या शाखेच्या पानांवर गेले. म्हणजे तुम्ही पत्रात लिहिता की दादाचं काम सुरूच व्हायचं राहिलं, तसं मला दिसत नाही. त्यांनी ती पानं वाचलीत. बहुतेक कुठल्यातरी लायब्ररीच्या मशीनवर बसून, एकेक चौकोन सरकवत.

काही शीट्सवर ही अक्षरं छापलेली नसतात, मग बोटाने मोजायची. एखादा चौकोन मागेपुढे निघाला तर गोंधळू नका, शेजारचे दोन बघा.

पानावर पोचलात की कुलवृत्तांताची पद्धत लक्षात ठेवा. त्यात प्रत्येक पुरुषाला पिढीप्रमाणे नंबर असतो, आणि त्याच्या नोंदीत जन्म, शिक्षण, नोकरी, मग बायको, तिचं माहेर, वडिलांचं नाव, मग मुलं. दोन लग्नं झाली असतील तर चांगल्या संपादकाने दोन्ही दिलेली असतात. पण एकाच बाईची दोन नावं असतात हे विसरू नका, सासरचं आणि माहेरचं, आणि दोन्ही दिली नसतील तर हाती लागलं ते कुठलं हे बघावं लागतं. वर्षं शकात असतील तर ७८ मिळवा, शके १८४० म्हणजे १९१८. जुन्या छपाईत १ आणि ९ फसवतात, शंका आली तर त्याच पानावर दुसरीकडे तो आकडा कसा दिसतो ते बघून ठरवा.

आणि हेही आधीच सांगते की नाव तिथे नसेलही. ही माहिती पुरुषांनी पुरुषांना पत्रं लिहून गोळा केलेली, पहिली बायको मूलबाळ न होता गेली असेल तर उत्तर पाठवणाऱ्याने तिला धरलंच नसेल. असं बघून मला आजही तेवढाच त्रास होतो. तसं झालं तर फिशच्या बाहेर दोन जागा आहेत. एक, गावाची जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, गेल्या काही वर्षांत कुणबी नोंदी शोधायला लोकांनी हीच दफ्तरं धुंडाळली, त्यामुळे तहसील कार्यालयात आता नुसतं नाव घेतलं तरी कळतं. जुन्या नोंदी मोडीत असू शकतात, आणि बाईची नोंद ‘अमक्याची बायको’ अशीही सापडते, तेव्हा आजोबांच्या नावाने शोधा. दुसरी, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तुमच्या तीर्थोपाध्यायांची वही. आजोबा तिचं काही करायला तिथे गेले असतील तर भटजींनी नाव लिहून घेतलं असेल. (हरिद्वारच्या अशा वह्या अमेरिकेतल्या यूटाच्या वंशावळी संस्थेने पूर्वी फिल्मवर घेतल्या होत्या. त्यांनी आपली लाखो रोल फिल्म २०२१ पर्यंत डिजिटल केली, फॅमिलीसर्च या त्यांच्या वेबसाइटवर खातं फुकट उघडता येतं. ज्यांचे पूर्वज तिकडे जायचे त्यांनी जरूर बघा.)

आणि आत्या. पत्राच्या शेवटी एका ओळीत तुम्ही लिहून गेलात की गुहागरला ८९ वर्षांच्या आत्या आहेत, ‘पण त्या तर नंतरच्या’. हो, त्या दुसऱ्या आजींच्या लेक, १९१८ नंतर किती वर्षांनी जन्मलेल्या. पण ज्या घरात पहिली गेलेली असते तिथे दुसरीला तिच्या नावाची सवाष्ण जेवायला घालावी लागते, नवमीला, आणि लहान मुली ते सगळं ऐकत असतात. ‘पहिलीचं नाव काय’ असं विचारलंत तर आठवत नाही म्हणतील. ‘अविधवा नवमीला कुणाचं नाव घ्यायचे’ असं विचारून बघा. मशीन यायला लागले असते तेवढ्या दिवसांत तुम्ही गुहागरला जाऊन याल.

बिनपट्टीच्या सहा शीट्सचं राहिलंच. भिंगाने पहिला चौकोन बघा, तिथे बऱ्याचदा नाव असतं. हाताने लिहिलेलं, सलग, लेखणी न उचलता काढल्यासारखं अक्षर दिसलं तर ती मोडी असू शकते, मग वाचायच्या भानगडीत न पडता नीट फोटो काढा आणि मोडी येणाऱ्या माणसाला दाखवा. त्या सहा खऱ्या जपायच्या, कारण त्यांची दुसरी प्रत आहे की नाही ते आपल्याला अजून ठाऊक नाही. निळ्या-जांभळ्या रंगाची शीट असेल तर ती डायझो नावाच्या फिल्मची, प्रखर उजेडात तासन्तास ठेवली की फिकी पडते, फोटो काढून लगेच दिवा बंद. खोकं उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ती शीट इतरांपासून वेगळी करा आणि तिचे फोटो सगळ्यात आधी काढा. रबरबँड नको, चिकटपट्टी नको, डांबराच्या गोळ्या नकोत, पाण्याने पुसणं तर नकोच. कागदाच्या पाकिटात घालून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून कपाटात, ठाण्याच्या पावसाळ्यात बाथरूमच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. फोटो भावंडांच्या ग्रुपवर टाकायचे असतील तर हयात माणसांच्या जन्मतारखा झाकून टाका.

मिस्टर विचारतात कशाला उकरायचं, त्यांना तुम्ही काय सांगाल ते तुमचं तुम्ही ठरवा. मला मात्र तुमच्या प्रश्नातला ‘अन्याय’ हा शब्द पटला नाही. दादा दर वर्षी फोन करायचे ते तुमच्याकडून ३४ शीट्स वाचून घ्यायला नव्हे, त्यांना काहीतरी अडलं होतं म्हणून. आणि कुठे अडलं होतं तेही तुम्ही नकळत मला पाठवलंय. १९ पत्त्यांपैकी एकाच पत्त्यासमोर त्यांनी प्रश्नचिन्ह काढलंय, ३/५ ई ४. तुम्हाला वाटलं शाईचा डाग असेल. ते अक्षर नीट दिसलं नाही म्हणून असेल, किंवा दिसलं पण ती कोण हे त्यांना तिकडे विचारायला कुणी नव्हतं म्हणून असेल.

पहिल्या दिवशी तो चौकोन घेऊ नका. डी ११ वर हात बसवा, फोकस जमू दे, डब्यांची उंची ठरू दे. मग पट्टी वर धरून पाचवी ओळ, डावीकडून चौथा. चार फोटो काढा, मोठे प्रिंट करा आणि गुहागरला जाताना बरोबर घेऊन जा.